मुदतीआधी निवृत्ती, पेन्शन आणि साठवलेला पैसा : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पन्नाशीत नोकरी सुटते ती दोन तऱ्हांनी. कुणापुढे कंपनी स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवते, तर कुणाच्या कारखान्याला टाळं लागतं. गिरण्यांच्या काळापासून हे शहर दोन्ही पाहत आलंय. माझी सगळी नोकरी कापड कारखान्यांच्या पगार विभागात, पगारपत्रकं आणि फंडाचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे (पीएफचे) फॉर्म भरण्यात गेली. आजही पूर्व भागातून, जुळे सोलापुरातून, चिंचोळी एमआयडीसीतून लोक पिशवीत कागद घेऊन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत.

सगळे विचारतात, पेन्शन किती बसेल? घर मात्र अडचणीत येतं ते शेवटचा पगार आणि पहिली पेन्शन यांच्या मधल्या वर्षांत. त्या वर्षांचा पैसा वेगळा काढला नसेल तर म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा तिथेच संपतो. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात. नियम आणि दर बदलत असतात, म्हणून जिथे महिना-साल दिलंय तिथे ते तेव्हाचं समजा.

प्रश्न : वय ५२, पत्नी ४८. फंडाचे २२ लाख, ग्रॅच्युइटीचे ६ आणि स्वेच्छानिवृत्तीचे ९, असे ३७ लाख येतील. घरखर्च महिना २८ हजार. निभेल का?

नुसत्या या पैशावर निभणार नाही. आकडे मांडून पाहू.

महिना २८ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. फंडाची पूर्ण पेन्शन ५८ ला सुरू होते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ५२ ते ५८ या सहा वर्षांत घरखर्चाचे एकूण २३ लाखांच्या वर रुपये लागतात. पैसे बँकेत ठेवून साधारण ७ टक्के व्याज मिळालं, तरी या सहा वर्षांसाठी आजच २० लाख बाजूला काढावे लागतील. उरले १७ लाख. ते सहा वर्षं ७ टक्क्यांनी वाढून साडेपंचवीस लाख होतील. पण तोवर महिन्याचा खर्चही ३९-४० हजारांवर गेलेला असेल. फंडाची पेन्शन चार हजारांच्या आसपास. राहिलेले साडेपस्तीस-छत्तीस हजार दर महिन्याला त्या साडेपंचवीस लाखांतून काढायचे म्हटलं, तर सहा वर्षांत खातं रिकामं. म्हणजे नवऱ्याचं वय ६४ आणि बायकोचं ६०.

आता दुसरी बाजू. त्या सहा वर्षांत नवरा-बायको मिळून घरखर्चाच्या निम्मं कमावत राहिले, हिशेब लिहिणं असो, शिलाई असो की दुकानातली अर्धवेळ नोकरी, तर ५८ व्या वर्षी हातात साडेपंचवीसऐवजी ४० लाखांच्या आसपास राहतात. तेही साधारण साडेनऊ वर्षं पुरतात. त्यापुढे काय, हा प्रश्न राहतोच. म्हणून अशा घराला माझं सांगणं असतं की योजना सक्तीची नसेल तर सही करू नका. आणि सही करावीच लागणार असेल, तर पुढची कमाई काय हे सहीआधी ठरवा. एकदम हातात येणारे ३७ लाख डोळ्यांना फार मोठे दिसतात. रोजच्या किराण्यासमोर ते तेवढे मोठे नसतात.

प्रश्न : घरखर्चाचा खरा आकडा कसा काढायचा?

तीन महिने वही लिहून. होटगी रोडच्या एका बाईंनी मला त्यांची वही दाखवली होती. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीजबिल पुढच्या पानांवर नीट. मागच्या पानांवर मात्र उन्हाळ्यातले टँकर, पुतण्याच्या लग्नातला आहेर, सासूबाईंच्या गुडघ्याची इंजेक्शनं, गाडीचं टायर, मुलाच्या मोबाईलचा हप्ता. ही पानं त्यांनी बेरजेत धरलीच नव्हती, कारण “ते काय दर महिन्याला नसतं”. मागच्या पानांची बेरीज पुढच्या पानांच्या जवळजवळ निम्मी निघाली. दर महिन्याला काही ना काही असतंच. तुम्ही मनात जो आकडा धरलाय तो वही लिहून झाल्यावर पुन्हा तपासा.

प्रश्न : फंडाची पेन्शन नक्की किती बसते?

खासगी कारखाने, साखर कारखाने, एसटी, सहकारी संस्था इथल्या बहुतेकांना लागू असते ती १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. तिचं सूत्र सोपं आहे : पेन्शनला धरला जाणारा पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. मेख आहे ती “धरला जाणारा पगार” यात. तुमचा मूळ पगार ४० हजार असला तरी १ सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा १५ हजारांची आहे. त्याआधीच्या सेवेला ६,५०० चीच मर्यादा लागते. पगार या मर्यादेपेक्षा कमी असेल तर अर्थात तोच धरतात.

सप्टेंबर २००१ ला लागलेला आणि सप्टेंबर २०२५ ला बाहेर पडलेला कामगार घ्या. पहिली १३ वर्षं ६,५०० च्या हिशेबाने, पुढची ११ वर्षं १५ हजारांच्या हिशेबाने. येतात साधारण ३,५६० रुपये. वीस वर्षांच्या वर सेवा झालेल्याला दोन वर्षांची भर मिळते, ती धरून पावणेचार ते चार हजार. एवढीच. इंटरनेटवरच्या हिशेबात पूर्ण सेवेला १५ हजार टाकून लोक साडेपाच हजार काढतात आणि त्यावर बेत आखतात. ऑफिसातून आदेश आला की तोंड उतरतं.

आणखी दोन गोष्टी. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज चार हजार तर वीस वर्षांनीही चार हजार, मध्ये सरकारने काही केलं तरच फरक. आणि किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. ती वाढवावी म्हणून पेन्शनर वर्षानुवर्षं मोर्चे काढताहेत, आणि त्यांची मागणी रास्त आहे. हजार रुपयांत आज एका माणसाचा महिन्याचा औषधाचा खर्चही भागत नाही.

जास्त पगारावर जास्त पेन्शनचा जो विषय गाजला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालातला. निकालानंतर मिळालेल्या मुदतीत ज्यांनी पर्याय भरला त्यांचाच तो प्रश्न आहे, आज नव्याने भरता येत नाही.

प्रश्न : पेन्शन पन्नाशीत सुरू करता येते म्हणतात. घ्यावी, की ५८ पर्यंत थांबावं?

दहा वर्षं सेवा झाली असेल आणि नोकरी सुटली असेल, तर ५० नंतर घेता येते. पण ५८ ला जेवढी वर्षं कमी, तेवढ्या वर्षांमागे ४ टक्के कपात, आणि ती कायमची. ५८ झाल्यावर ती भरून निघत नाही. वरच्या उदाहरणातली पावणेचार-चार हजारांची पेन्शन ५० ला घेतली तर पावणेतीन हजारांच्या आसपास येते.

लोक लगेच म्हणतात की नुकसान झालं. तसं सरसकट नाही. आठ वर्षं पावणेतीन हजार घेतले म्हणजे अडीच लाखांहून जास्त रक्कम आधी हातात आली. थांबलेल्याला दर महिन्याला हजार-अकराशे जास्त मिळतात, पण त्याची बरोबरी व्हायला साधारण ७८ वं वर्ष उजाडतं. म्हणून घरात दुसरी कमाई नसेल आणि पर्याय म्हणजे सावकार किंवा सोनं गहाण हाच असेल, तर लवकर घ्या, मनात काही ठेवू नका. घरात कमाई असेल आणि अंगात ताकद असेल तर मात्र थांबा, कारण पंच्याहत्तरीत जेव्हा बाकीचा पैसा आटलेला असतो तेव्हा ते हजार रुपये जास्त उपयोगी पडतात. ५८ नंतरही थांबता येतं. ६० पर्यंत दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते.

प्रश्न : फंड लगेच काढू की राहू देऊ?

गरज नसेल तर राहू द्या. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांना फंडावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. एवढं व्याज मोठी बँक ठेवीवर देत नाही. नोकरी सुटली, हप्ता थांबला, तरी ५८ पर्यंत व्याज चालू राहतं. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर मात्र कर लागतो, हे विवरणपत्र भरताना लक्षात ठेवा.

मी बहुतेकांना अशी वाटणी सुचवते की मधल्या वर्षांचा खर्च स्वेच्छानिवृत्तीच्या आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून आणि पुढच्या कमाईतून काढावा, फंडाला ५८ पर्यंत हात लावू नये. एकदा बचत खात्यात आलेला फंड नातेवाइकांना दिसतो, आणि दिसला की मागितला जातो.

काढायचाच असेल तर आजचा नियम विचारून घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये फंडाच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी सुटल्यावर ७५ टक्के लगेच आणि उरलेले एक वर्षानंतर. ५५ नंतरची निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती, कामगार कपात अशा वेळी पूर्ण रक्कम काढण्याची मुभा आहे.

प्रश्न : तीन-चार कारखान्यांत थोडी थोडी वर्षं काम केलंय. दहा वर्षं धरली जातील का?

धरली जातील, पण जुनी खाती एका यूएएनखाली, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या फंडाच्या एकाच क्रमांकाखाली, आणली असतील तर. मधल्या कारखान्याचा पेन्शनचा पैसा पूर्वी कधी फॉर्म १०-सी भरून काढला असेल, तर ती वर्षं गेली. न काढता योजना प्रमाणपत्र (झालेली सेवा पुढे धरली जावी म्हणून मिळणारा कागद) घेतलं असेल तर ती शाबूत आहेत.

आपल्याकडे खरी अडचण असते नावाची. कारखान्याच्या जुन्या रजिस्टरात “व्यंकटेश”, आधारवर “वेंकटेशम”, बँकेत आडनाव आधी. तेलुगू पद्मशाली आणि कन्नड घरांत हे सर्रास दिसतं. जन्मतारीख तर अनेकांची सरळ १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. फंड ऑफिसचं संगणक तंत्र अशा दोन नावांना दोन माणसं समजतं. जुन्या खात्यांच्या दुरुस्तीसाठी बहुधा मालक आणि कामगार दोघांचा संयुक्त अर्ज लागतो, आणि कारखाना बंद पडला की सही करणारा मालक शोधत फिरावं लागतं. म्हणून हे काम नोकरी असतानाच उरका. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकली नसेल, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन टाकता येते.

प्रश्न : कारखाना बंद होतोय. “राजीनामा द्या, हिशेब लगेच देतो” म्हणतात. सही करावी का?

सही करण्याआधी कागदावर काय लिहिलंय ते घरी आणून वाचा. राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती आणि कामगार कपात ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. कपात असेल तर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार ही भरपाई कायद्याने मिळते, आणि ग्रॅच्युइटी त्याशिवाय. “स्वतःच्या मर्जीने राजीनामा देत आहे” या एका ओळीवर सही झाली की भरपाईचा हक्क लढवणं अवघड जातं. बायकोच्या आजारपणासाठी लगेच पैसे हवेत म्हणून अशी सही केलेले लोक मी पाहिलेत. त्यांना दोष कसा देणार? पण युनियनच्या माणसाला किंवा कामगार वकिलाला एकदा कागद दाखवायला दोन दिवस मागून घेणं कुणालाही जमतं.

त्याच दिवशी फंडाचं पासबुक उघडून पाहा. पगारातून कापलेला हप्ता खरोखर भरलाय का, की मध्ये महिने गाळलेत? गाळले असतील तर फंड ऑफिसात लेखी तक्रार करा, सोबत पगारपावत्या जोडा. जुन्या पगारपावत्या म्हणूनच फेकू नयेत.

प्रश्न : ग्रॅच्युइटी किती?

शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८ हजारांवर २४ वर्षं असतील तर साधारण २ लाख ४९ हजार. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. कायद्यातली कमाल मर्यादा २०१८ पासून २० लाख. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायला हवी, उशीर झाला तर व्याजासह.

प्रश्न : एकरकमी पैसा ठेवायचा कुठे?

तीन ठिकाणी, पण समान भागांत नाही.

वर्षभराचा खर्च बचत खात्यात किंवा हवी तेव्हा मोडता येईल अशा ठेवीत. तिथे व्याज कमी मिळालं तरी चालेल.

मधल्या वर्षांचा खर्च वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत. सगळ्या पैशाची एकच मोठी पावती करू नका. एक, दोन, तीन, चार, पाच वर्षं अशा पाच पावत्या करा. दर वर्षी एक पिकेल, ती त्या वर्षाच्या खर्चाला. याचं कारण अलीकडचंच आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला, २०२३ मध्ये ६.५ वर गेला, आणि २०२५ च्या एका वर्षात पुन्हा ५.२५ पर्यंत उतरला. त्यामागोमाग ठेवींचे दर फिरतात. ज्यांची एकमेव पावती २०२० मध्ये पिकली त्यांचं व्याजाचं उत्पन्न एकदम खाली आलं आणि वर्षानुवर्षं तिथेच अडकलं. पाच पावत्या असल्या की फटका एका पावतीला बसतो.

टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर ९ लाख आणि जोडखात्यात १५ लाख ठेवता येतात, दर महिन्याला व्याज हातात येतं. मधल्या वर्षांसाठी मला ही योजना आवडते. पगाराची सवय असलेल्या घराला पगारासारखाच महिना मिळतो.

तिसरं ठिकाण ज्येष्ठ नागरिक बचत योजना, ती सगळ्यांना हवी असते. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आणि मर्यादा ३० लाख झाली. दराचा आढावा सरकार दर तिमाहीला घेतं, पण तुम्ही खातं उघडता त्या दिवसाचा दर पाच वर्षं टिकतो. ती ६० नंतर. ५५ ते ६० मध्ये निवृत्त किंवा स्वेच्छानिवृत्त झालेल्याला सवलत आहे, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं, आणि तेवढ्याच पैशापुरतं. ५२ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला आठ वर्षं हे दार बंद. स्वेच्छानिवृत्तीची तारीख थोडी पुढे ढकलून ५५ ओलांडता येत असेल, तर मालकाशी त्याबद्दल बोलून पाहावं.

प्रश्न : ओळखीच्या पतसंस्थेत ११ टक्के देतात. चेअरमन आपल्याच गल्लीतला आहे.

निवृत्तीचा पैसा तिथे ठेवू नका. मी हे कुणालाही, माझ्या सख्ख्या भावालाही, असंच सांगते.

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. एका बँकेत एका माणसाचे, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या सहकारी बँकांनाही हे संरक्षण लागू आहे. पतसंस्थेला नाही, नावात मल्टिस्टेट असलं तरी नाही. दारात रोज पिग्मी गोळा करायला येणाऱ्या मुलाचा स्वभाव कितीही चांगला असला, तरी संस्था बुडाली की तोही आपल्याबरोबर रांगेत उभा राहतो.

सोलापुराने हा फरक अनुभवलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ती बँक असल्यामुळे ठेवीदारांना विम्याचे ५ लाखांपर्यंतचे पैसे मिळण्याचा मार्ग होता. ज्यांची ठेव त्याहून मोठी, त्यांचा वरचा पैसा अवसायनाच्या, म्हणजे बँक गुंडाळताना होणाऱ्या, हिशेबावर अवलंबून. यातून घ्यायचं ते एवढंच की एका सहकारी बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आत राहा. साडेचार लाखांची पावती केली तर व्याजाला जागा उरते. नवरा-बायकोच्या वेगळ्या नावांवर वेगळी मर्यादा असते.

पतसंस्थेत तुमचं रोजचं पिग्मी खातं असेल, गल्लीतल्या ओळखीपाळखीचा तो भाग असेल, तर महिन्याच्या खर्चाएवढं राहू द्या. त्या पैशावर म्हातारपण अवलंबून नको.

प्रश्न : मुलगा म्हणतो सगळं म्युच्युअल फंडात टाका, व्याजाने महागाई भरून निघत नाही.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. ६ टक्क्यांनी वाढणारी महागाई बारा वर्षांत खर्च दुप्पट करते. ठेवींचं व्याज जेमतेम तेवढंच. पुढची तीस वर्षं काढायची असतील तर थोडा पैसा वाढणाऱ्या ठिकाणी हवा.

पण घडू काय शकतं ते पाहा. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवर होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली आला. साधारण ४० टक्के घट. समजा एकाचे २० लाख त्यात होते, ते १२ झाले. घरखर्चासाठी त्यातूनच ३ लाख काढावे लागले, उरले ९. नोव्हेंबर २०२० मध्ये बाजार पुन्हा मूळ जागी आला, तेव्हा त्या ९ चे १५ झाले. काढले तीन, कमी झाले पाच. ज्याला पैसे काढायची गरज पडली नाही त्याचे वीसचे वीस जागेवर. बाजार दोघांना सारखाच होता, फरक पडला तो खर्चाला दुसरा पैसा असण्या-नसण्याने.

म्हणून ज्या पैशाला पुढची सात-आठ वर्षं हात लावायचा नाही तेवढाच तिथे, आणि तोही हप्त्याहप्त्याने. ज्याला पावत्यांखेरीज काही ठाऊक नाही आणि आकडे खाली आले की झोप उडते, त्याने एकूण रकमेच्या पाचव्या भागापुढे जाऊ नये असं मला वाटतं.

प्रश्न : मुलीचं लग्न राहिलंय, आणि मुलाला पुण्यात फ्लॅटसाठी पहिला हप्ता हवाय.

लग्नासाठी कर्ज मिळतं, मुलाला तीस वर्षांचं गृहकर्ज मिळतं. तुमच्या म्हातारपणासाठी कुठलीही बँक कर्ज देणार नाही. हे बोलायला कठीण जातं, मला ठाऊक आहे, कारण आपल्याकडे बापाने हात आखडला असं म्हणायला चार लोक बसलेले असतात. पण मधल्या वर्षांचा पैसा आधी वेगळा काढा, त्याच्या पावत्या करा, मग उरेल त्यातून लग्नाचा आकडा ठरवा, आणि तो आकडा मुलांना समोर बसवून सांगा. मुलं समजून घेतात. बऱ्याचदा त्यांना कुणी हिशेबच दाखवलेला नसतो. फ्लॅटला पैसे द्यायचेच ठरले तर दस्तावर तुमचं किंवा पत्नीचं नाव लागू द्या.

प्रश्न : आजारपणाचं काय? कंपनीचा विमा तर जाणार.

नोकरी सोडण्याआधी स्वतःची पॉलिसी काढा. आधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तो काळ जेवढा लवकर सुरू होईल तेवढं बरं. साखर, रक्तदाब लपवून फॉर्म भरू नका. एजंट “लिहू नका” म्हणाला तरी क्लेमच्या वेळी तो नसतो.

कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षं असाल आणि वयाने निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना उपचार चालू ठेवता येतात. हे फार थोड्यांना माहीत आहे. मोठ्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळतं. फंडाशी जोडलेला ७ लाखांपर्यंतचा जीवन विमा मात्र नोकरीबरोबर संपतो. घर कर्जावर असेल तर त्याची भर कशाने करायची ते आधी बघा.

प्रश्न : बायको विड्या वळते. तिला काही मिळतं का?

घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही फंड लागू आहे. तिचं स्वतःचं खातं आणि दहा वर्षं भरली असतील तर स्वतःची पेन्शन असते. अनेक घरांत नवऱ्याच्या कागदांची फाइल असते आणि तिचं पासबुक पितळी डब्यात, कुणी न उघडलेलं. तिचा यूएएन आधी काढा. रक्कम लहान असेल, पण तिच्या नावावरची आहे.

प्रश्न : कर किती लागेल?

स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेला ५ लाखांपर्यंत सूट, आयुष्यात एकदाच. अटीत बसणाऱ्या योजनेलाच. खासगी नोकरीतल्या साठलेल्या रजेच्या पगाराला २५ लाखांपर्यंत. पाच वर्षं सलग सेवेनंतर काढलेला फंड करमुक्त. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना पेन्शन आणि व्याजावर कर भरावा लागत नाही. बँकेने कापला असेल तर विवरणपत्र भरून परत मागा.

प्रश्न : मी शिक्षक आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर?

१ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य सेवेत लागला असाल तर जुनी पेन्शन. वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. पेन्शन लगेच सुरू होते, महागाई भत्त्यासह. मधल्या वर्षांचा जाच तुम्हाला नाही, आणि हा फरक किती मोठा आहे हे वरचे आकडे पाहिल्यावर कळेल. पेन्शनची अंशराशी विकली, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला, तर तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो.

त्यानंतर लागला असाल आणि एनपीएसमध्येच (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) असाल, तर वेळेआधी बाहेर पडताना जमा रकमेच्या किमान ८० टक्क्यांची वार्षिकी (विमा कंपनीकडून मिळणारी नियमित पेन्शन) घ्यावी लागते, २० टक्केच हातात. लहान रकमेला सवलत आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शनचा पर्याय आला, पण त्यात स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी पेन्शन सुरू होते ती मूळ निवृत्तीच्या तारखेपासून. म्हणजे मधली वर्षं तिथेही आलीच.

प्रश्न : माझ्यामागे बायकोला काय मिळेल?

फंडाच्या पेन्शनमध्ये तुमच्या पेन्शनच्या साधारण निम्मी, किमान १,००० रुपये. पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळा वाटा. ई-नामनिर्देशन (वारसाचं नाव ऑनलाइन नोंदवणं) भरलेलं नसेल तर आजच भरा. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं आणि तसंच राहिलेलं मी नेहमी पाहते. बँकेच्या पावत्यांवर “दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो” असं असू द्या.

प्रश्न : हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला द्यायचा का?

सरकारी पेन्शनरांनी नोव्हेंबरमध्ये. फंडाच्या पेन्शनरांना वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून बारा महिने चालतो. मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, बोटांचे ठसे उमटत नसलेल्या विणकरांना आणि विडी कामगार बायांना हे सोयीचं आहे. जानेवारी २०२५ पासून फंडाची पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येते, त्यामुळे मुलाकडे पुण्याला राहायला गेलात तरी खातं हलवण्याची धावपळ नाही. फक्त आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडू देऊ नका. सगळे ओटीपी त्याच्यावर येतात.